तेंच तें गाणें

जालन्याच्या एमआयडीसींत सळयांच्या कारखान्यांची पाळी सुटली, कीं घरीं जाणाऱ्या एखाद्या तरुणाच्या मोबाईलवर गिटारीचें प्रेमगीत ऐकूं येतें. चार शब्द, तेच पुनः पुनः. वडील मंडळी विचारतात, "यांत आहे काय?" प्रश्न योग्य आहे, म्हणून आम्ही त्याचा थोडा विचार करूं.

इंग्लंडांतील बीटल्स मंडळींची 'लव्ह मी डू' ही आरंभीची तबकडी 1962 सालीं निघाली. सबंध गाणें तीन स्वरमेळांवर चालतें. गेल्या महिन्यांत गिटार हातीं घेतलेल्या मुलासही तें साधतें. ऐकणाऱ्याचा कान पुढचा स्वर आधींच ओळखतो, आणि ओळख खरी ठरली कीं त्यास सुख होतें. वारंवार समोर येणारी वस्तु मनुष्यास आवडूं लागते, असें रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानें 1968 सालीं दाखविलें.

ज्यांना हें परकें वाटेल त्यांनीं आपल्या आजीस जात्याविषयीं विचारावें. फेरा तोच, चालही तीच. पण तिच्या आधारानें सासुरवाशीण आईची, भावाची माया बोलून टाकी. एरवीं ती तिच्या ओठीं येत नसे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं अशा एक लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या.

लाजऱ्या मुलाचेंही तसेंच. स्वतःचे शब्द त्यास सुचत नाहींत. अलंकृत कविता त्याच्या कामीं येत नाहीं, कारण ती कवीचीच राहते. हे साधे चार शब्द मात्र तो सर्वांदेखत म्हणूं शकतो. कोणी हंसलेंच, तर "गाणें म्हणत होतों" असें सांगतां येतें.

दहाव्यांदां ऐकून आम्हांसही कंटाळा येतो. तेव्हां आवाज कमी करावयास सांगावें.