बधिरत्व : व्यंग की भाषा?

बालपणी वाट चुकून पाकिस्तानात पोहोचलेली गीता २६ ऑक्टोबर २०१५ रोजी मायदेशी परतली, तेव्हा तिच्या आई-वडिलांचा शोध लवकरच लागेल, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात त्यासाठी पाच वर्षांहून अधिक काळ लागला. ऐकू-बोलू न शकणाऱ्या या तरुणीच्या आठवणीत रेल्वे स्थानक होते, नदी होती, मंदिर होते. गावाचे नाव मात्र नव्हते. नाव ही कानावर पडून लक्षात राहणारी गोष्ट. अखेर नांदेड-अमृतसर मार्गावरील सचखंड एक्स्प्रेसचा धागा शोधकर्त्यांच्या हाती आला. लहानगी गीता याच गाडीने अमृतसरला आणि तेथून समझौता एक्स्प्रेसने लाहोरला गेली असावी, असा तर्क मांडला गेला. डिसेंबर २०२० मध्ये तिला नांदेड परिसरात आणण्यात आले. मार्च २०२१ मध्ये तिची आई मराठवाड्यातच सापडल्याचे जाहीर झाले.

या घटनेकडे बहुतेकांनी करुणेने पाहिले. बधिर समाजातील जाणकार मात्र वेगळा प्रश्न विचारतात. गीतेला तिच्या कानांनी अडवले, की तिच्या भोवतालच्या कोणालाच तिची भाषा येत नव्हती याने? बधिरत्व हे अपंगत्व आहे की ती एका भाषिक समाजाची ओळख आहे, हा जगभर चाललेला वाद याच प्रश्नाभोवती फिरतो.

मराठीत रुळलेला ‘मूकबधिर’ हा शब्दच मुळात दिशाभूल करणारा आहे. बहुतेक बधिरांचे स्वरयंत्र निर्दोष असते. शब्द कानावर पडत नाहीत म्हणून ते उमटत नाहीत, इतकेच. हातांनी मात्र ही माणसे भरभरून बोलतात. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतंत्र व्याकरण आहे. चेहऱ्यावरील भाव हा त्या व्याकरणाचाच भाग असतो. ती मराठीची किंवा हिंदीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. या समाजात प्रत्येकाला गालावरचा तीळ, केसांची ठेवण अशा एखाद्या खुणेवरून सांकेतिक नाव मिळते. टाळ्या वाजवायच्या त्या दोन्ही हात वर करून, पंजे हलवून. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड सुरू होते, तेथे ऐकणाऱ्यांना भाषा बदलावी लागते. सांकेतिक भाषा जाणणाऱ्या देगलूरच्या व निजामाबादच्या बधिरांना ती अडचण येत नाही. काही संकेत प्रांतागणिक बदलतात, व्याकरण तेच राहते.

ही भाषा आईकडून क्वचितच मिळते. दहापैकी नऊहून अधिक बधिर मुले ऐकणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खाणे, पाणी, झोप एवढ्यापुरत्या खाणाखुणा तयार होतात, त्यापलीकडे संवाद जात नाही. त्यामुळे निवासी शाळा हेच बऱ्याच मुलांचे भाषिक माहेर ठरते. परंतु १८८० च्या मिलान परिषदेने वर्गातून हातवारे हद्दपार करून उच्चार शिकवण्याचा आग्रह धरला आणि त्याचे पडसाद भारतातील शाळांतही दीर्घकाळ उमटत राहिले. ज्या शाळांनी संकेतांना मज्जाव केला, तेथेही मुले वसतिगृहात रात्री दिव्याखाली ते एकमेकांना शिकवीतच राहिली. बधिरांच्या आंतरराष्ट्रीय शिक्षण परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये.

कायद्याची भूमिका दुहेरी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणऱ्हास असणारी व्यक्ती बधिर ठरते. टक्केवारीचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय आरक्षण वा प्रवाससवलत मिळत नाही. याच कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेलाही स्थान दिले आहे. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तर बधिर संस्कृती आणि भाषिक ओळख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ओळख भाषेची, पण हक्क व्यंगाच्या दाखल्यावर. रेल्वेच्या सवलतीने याहून कमाल केली. तेथे ‘मूक’ आणि ‘बधिर’ ही दोन्ही व्यंगे एकाच व्यक्तीत असण्याची अट घालण्यात आली. बोलायला शिकलेल्या बधिराने मग काय करावे?

म्हणूनच ‘आम्ही अपंग नाही’ ही पाश्चात्त्य बधिर चळवळीतील घोषणा येथे जशीच्या तशी उचलणे परवडणारे नाही. सरकारी नोकरीतील एक टक्का जागा लातूर-नांदेडच्या तरुणासाठी लहान बाब नव्हे. कॉक्लियर इम्प्लांटविषयीही असेच. लहान वयात शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पालकांना दोष देता येणार नाही. मात्र तेवढ्यासाठी मुलाला संकेतांपासून तोडणे अनावश्यक आहे. दोन भाषा एकत्र नांदू शकतात, हे सीमाभागातील माणसाला वेगळे सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’ने गुणवत्तेचा मोठा गवगवा केला, बधिर विद्यार्थ्यास विषय त्याच्या भाषेत समजावणारा शिक्षक हाही गुणवत्तेचाच निकष मानायला हवा.

दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञा जमा झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये बधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साह्याने सर्वोच्च न्यायालयात काम पाहिले. उदगीरच्या किंवा देगलूरच्या न्यायालयात उद्या एखादा बधिर साक्षीदार उभा राहिला, तर त्याचे हात वाचणारा दुभाषी जिल्ह्याच्या यादीत आधीपासून नोंदलेला असावा लागेल.