बक्षिसाआधीची वही

‘गेम’ हा शब्द आपल्या घरात बहुतेक वेळा ओरडण्याच्या सुरातच उच्चारला जातो. ‘बंद कर तो गेम’, ‘जेवायला ये, गेम कुठे पळून जात नाही.’ पलीकडून ‘दोन मिनिटं गं’ असं उत्तर येतं आणि ती दोन मिनिटं किती लांबतात ते मी तुम्हाला सांगायला नको. पण मैत्रिणींनो, हा गेम कुणीतरी बसून तयार केलेला असतो. कधी कधी अगदी एकट्याने, घरातल्या टेबलावर, पगाराचा पत्ता नसताना. त्या ‘कुणीतरी’विषयी आज थोडं बोलायचंय. माझी भाची अशाच एका छोट्या चमूसाठी चित्रं काढते, तिच्यामुळे या जगात माझं डोकावणं सुरू झालं.

मोठ्या कंपन्यांच्या गेमवर शेकडो माणसं राबतात, कोट्यवधी रुपये लागतात. त्याउलट एकदोघांनी किंवा चार-पाच जणांनी पदरमोड करून केलेले गेम असतात. त्यांना म्हणतात ‘इंडी’, म्हणजे इंडिपेंडंट. या मंडळींच्या दोन रीती मला फार आवडल्या. एक म्हणजे काम चालू असतानाच त्याची रोजनिशी लिहायची आणि ती सगळ्यांना वाचायला द्यायची. तिला ते ‘डेव्हलॉग’ म्हणतात. दुसरी रीत म्हणजे आपल्यातल्या चांगल्या कामाला आपणच बक्षीस द्यायचं.

रोजनिशीत असतं काय? आज काय केलं, काय फसलं, कुठलं चित्र तिसऱ्यांदा पुसलं, हे सगळं. वाचणारे बहुतेक जण त्याच धंद्यातले असतात. ते सांगतात, ‘अरे, हे असं करून बघ.’ लुकास पोप या अमेरिकन गृहस्थांचं उदाहरण घ्या. जपानमध्ये राहून त्यांनी एकट्याने ‘पेपर्स, प्लीज’ नावाचा गेम केला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये सुरुवात झाली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये गेम बाजारात आला. मधल्या महिन्यांची रोजनिशी त्यांनी सगळ्यांसमोर लिहिली. हा गेम आहे एका सरहद्दीवरच्या कारकुनाचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कागद तपासायचे आणि शिक्का मारायचा. संध्याकाळी हातात पडलेल्या पैशांतून घरभाडं, जेवण, थंडीसाठी ऊब आणि आजाऱ्याचं औषध यांचा मेळ घालायचा. महिनाअखेरीचा हिशोब करणाऱ्या कुठल्याही बाईला हा गेम समजावून सांगावा लागणार नाही! सरहद्दीवर येणाऱ्या माणसांना नावं हवी होती, तेव्हा पोपनी लोकांनाच हाक घातली आणि हजारो नावं गोळा झाली. म्हणजे गेम एकट्याचा, पण त्यात गावाचा हात लागला.

पुढे ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा त्यांचा दुसरा गेम आला. तो निव्वळ दोन रंगांत आहे. पूर्ण पडद्यावर पाहिल्यावर त्यातले ठिपके डोळ्यांना त्रास देतात, हे त्यांना उशिरा लक्षात आलं. बरीच वर्षं काम झाल्यावर! तेही त्यांनी वहीत सरळ लिहून टाकलं. ठिपके कसे स्थिर केले ते चित्रांसकट दाखवलं. आपली चूक अशी चारचौघांत मांडायला धीर लागतो. आपण पोळी वातड झाली तर ती ताटात सगळ्यात खाली सरकवतो.

आता बक्षिसांकडे येऊ. अमेरिकेत ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’ नावाचा एक सोहळा १९९८ मध्ये उभा राहिला आणि १९९९ मध्ये पहिली पारितोषिकं दिली गेली. परीक्षकांत स्वतः गेम करणारेही असतात. साध्या खेळणाऱ्यांच्या मतांवर ठरणारं प्रेक्षक पारितोषिकही इथे दिलं जाई. आपल्या मुलांचा लाडका ‘माइनक्राफ्ट’ २००९ मध्ये अर्धा-कच्चा असतानाच लोकांपुढे आला आणि त्यांच्या साक्षीने वाढला. २०११ मध्ये त्याला इथलं मुख्य आणि प्रेक्षकांचं अशी दोन्ही पारितोषिकं मिळाली. पोपच्या दोन्ही गेमना मुख्य पारितोषिक मिळालं, २०१४ मध्ये आणि २०१९ मध्ये.

या मुख्य पारितोषिकाला एका मुलाचं नाव आहे, शेमस मॅकनॅली. कॅनडातला हा मुलगा आईवडील आणि भाऊ यांच्यासोबत घरचीच छोटी कंपनी चालवायचा. २००० साली त्यांच्या ‘ट्रेड मार्क्स’ या रणगाड्यांच्या गेमला मुख्य पारितोषिक मिळालं. शेमसला कॅन्सर होता. पारितोषिकानंतर थोड्याच दिवसांत, २१ मार्च २००० रोजी तो गेला. विशी जेमतेम ओलांडलेला पोर. पुढच्या वर्षापासून ते पारितोषिक त्याच्या नावाने दिलं जाऊ लागलं. एखाद्या धनाढ्य देणगीदाराचं नाव न लावता आपल्यातल्याच एका पोराचं नाव लावलं, यातच या लोकांचं मन कळतं.

पण बक्षिसाच्या पाटीवर एकच नाव मावतं, आणि माझी बायकी नजर तिथेच अडते. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा शेतीवाडीचा गेम मुलींमध्येही फार आवडता आहे. एरिक बॅरोन या तरुणाने तो साडेचार वर्षं एकट्याने केला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्याचं. कॉलेज संपलं होतं, मनासारखी नोकरी मिळत नव्हती. २०१६ च्या फेब्रुवारीत गेम आला आणि २०२४ अखेरपर्यंत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. ‘एकट्याने केला’ हे खरंच आहे. पण त्या वर्षांत घर चालवायला हातभार कुणाचा होता? त्याची जोडीदार अँबर हेगमन हिचा. तिने कमावलं म्हणून त्याला टेबलाशी बसता आलं. तिचं नाव आपल्याला कळलं, कारण मुलाखतींतून ती गोष्ट बाहेर आली. नाहीतर अशी किती नावं ‘एकट्याने’ या एका शब्दाखाली झाकली जात असतील!

आपल्या पुण्यातही असं घडलंय बरं का. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीने ‘राजी’ हा गेम केला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा. तो सुरू करणाऱ्यांत श्रुती घोष ही चित्रकार होती. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेला आकडा गाठता आला नाही. तरी गेम २०२० मध्ये आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. बक्षीस दुसऱ्याला गेलं. पण वर्गणी फसल्यापासून गेम येईपर्यंतच्या तीन वर्षांना कुठलं पदक देणार? ती फक्त लिहूनच ठेवता येतात.

म्हणून शेवटी ‘वेन्बा’विषयी सांगते. मिक्सर-कुकरची सवय असलेल्या आपल्याला हा गेम लगेच जमेल. कॅनडात जाऊन राहिलेली एक तमिळ बाई, तिचा नवरा आणि तिथे वाढणारा मुलगा. तिच्याजवळ आईची पाककृतींची जुनी वही आहे, पण काही ओळी पुसल्यात, काही पानं फाटलीत. खेळणाऱ्याने त्या गाळलेल्या जागा डोकं लढवून भरायच्या. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या म्हणजे सगळ्या इडल्यांना वाफ लागेल, हे त्यातलं कोडं! मुलगा मोठा होतो, भाषेपासून दुरावतो, आणि एके दिवशी तीच वही समोर घेऊन अडखळत वाचत स्वतः रांधायला उभा राहतो. २०२३ मध्ये आलेल्या या गेमला २०२४ मध्ये शेमसच्या नावाचं मुख्य पारितोषिक मिळालं. गेम करणारा चमूही कॅनडातलाच, टोरांटोचा.

तेव्हा तुमच्या घरात कुणी ‘मला गेम करायचाय’ म्हणालं, तर लगेच कपाळाला आठ्या घालू नका. एक वही आणून द्या आणि म्हणा, रोज चार ओळी लिही. काय जमलं, काय फसलं, कुणी मदत केली. चहा कुणी आणून दिला, तेही लिही म्हणावं. आणि दुकानात गेलातच आहात, तर वह्या दोन घ्या. दुसरी तुमच्यासाठी.