अंधार कोणासाठी? 'मोबाइल लेजेंड्स'मधील मारेकऱ्याचा डाव

सामना १६ मिनिटांत संपलेला असतो. पराभूत संघातील एका खेळाडूच्या नावापुढे ११ बळींची नोंद असते; मैदानातील दहाही जणांत सर्वाधिक. तरीही त्याच्या संघाचा तळ जमीनदोस्त झालेला असतो आणि उरलेले चौघे त्यालाच बोल लावीत असतात. 'सर्वाधिक बळी मी घेतले, मग दोष माझा कसा?' हा त्याचा सवाल. 'मोबाइल लेजेंड्स : बँग बँग' या खेळात मारेकरी प्रकारातील नायक निवडणाऱ्या बहुतेक नवख्यांच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतो. सवाल रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. मात्र ते गुणफलकावर सापडत नाही.

शांघायच्या 'मूनटन' कंपनीने २०१६ मध्ये आणलेला हा खेळ आग्नेय आशियात, त्यातही इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये, गल्लीबोळांत पोहोचला. २०१९ च्या दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडा स्पर्धांत तो पदकाचा खेळ होता आणि यजमान फिलिपिन्सने अंतिम लढतीत इंडोनेशियाला हरवून सुवर्णपदक घेतले. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत त्याचेही नाव होते आणि येथील कित्येक जमलेल्या तुकड्या त्या दिवशी मोडल्या. तथापि पाच जणांची तुकडी, ठरलेल्या वाटा आणि त्यांतून अवचित झडप घालणारा एक नाजूक गडी हा साचा या एका खेळापुरता नाही. 'पोकेमॉन युनाइट'मधील वेगवान गड्यांचे कामही थोड्याफार फरकाने हेच आहे.

खेळाची रचना थोडक्यात अशी. दोन संघ, प्रत्येकी पाच नायक, तीन वाटा आणि प्रत्येक वाटेवर तीन-तीन बुरूज. बुरूज पाडत जाऊन प्रतिस्पर्ध्याचा तळ फोडणे हे एकमेव ध्येय. बळी कितीही घ्या. तळ शाबूत असेल तर सामना सुरूच राहतो. वाटांच्या मधल्या जंगलात श्वापदे असतात. त्यांना मारून सुवर्ण आणि अनुभव मिळतो, आणि त्या सुवर्णातून शस्त्रे घेता येतात. दुसऱ्या मिनिटाला 'टर्टल' नावाचे कासव प्रकट होते आणि आठव्या मिनिटापासून 'लॉर्ड'. लॉर्डला जो संघ मारतो, त्याच्या बाजूने तो बुरुजांवर चाल करून जातो. उत्तरार्धातील बहुतेक सामन्यांचा निकाल लॉर्डभोवतीच लागतो.

या पाच जणांत मारेकऱ्याचे अंग सर्वांत कोवळे. शत्रूच्या दोन-तीन नायकांनी एकदम गाठले तर तो क्षणात संपतो. त्याच्याजवळ असतो तो वेग आणि एका माणसावर अल्पावधीत मोठा आघात करण्याची ताकद. पद्धत मात्र प्रत्येकाची निराळी. फॅनी पोलादी दोर भिंतीवर फेकून उडत फिरते. हायाबुसा आपल्या सावल्या पेरून ठेवतो आणि त्यांच्याशी जागा बदलतो. सेबर एकाच शत्रूवर झेपावून त्याला हवेत उचलतो. तेवढा वेळ त्या बिचाऱ्याला काहीही करता येत नाही. नतालिया झुडपात अदृश्य होते. या सर्वांत गोंधळ माजविण्याच्या बाबतीत ज्याचे उदाहरण सर्वाधिक बोलके ठरते, तो म्हणजे हेलकर्ट.

हेलकर्टच्या शक्तींत कंपनीने वेळोवेळी फेरफार केले, पण गाभा कायम राहिला. तो झेप घेऊन शत्रूजवळ पोहोचतो, नांग्या साठवून ठेवतो आणि त्या एकाच वेळी एका माणसावर सोडतो. त्याची अंतिम शक्ती म्हणजे रात्र. ती वापरताच संपूर्ण मैदानावर शत्रूपक्षाच्या पाचही जणांचा पडदा काळवंडतो आणि त्यांच्या नजरेचा टप्पा आक्रसतो. त्या काही सेकंदांत स्वतः हेलकर्टचा वेग वाढलेला असतो.

नवखा खेळाडू ही रात्र स्वतःसाठी वापरतो. कोणीतरी एकटा दिसला की बटण दाबायचे, धावत जायचे आणि बळी घ्यायचा. दोन-चार वेळा ते साधतेही. पण अंधार पडणे ही शत्रूला मिळालेली सूचनाही असते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. पडदा काळा झाला की समोरच्या पाचही जणांना कळते : हेलकर्ट निघाला. जाणते खेळाडू तत्काळ मागे सरतात, बुरुजाखाली किंवा आपल्या भक्कम गड्याच्या पाठीशी जातात. एकट्या सावजासाठी अंधाराची गरजही नसते. त्यासाठी झुडपात दबा धरणे पुरते. एका बळीसाठी खर्च केलेली रात्र लॉर्डपाशी लढाई जुंपते तेव्हा हाताशी नसते.

शत्रू एकवटतो, हाच तर लाभ

हेलकर्टचा प्रभावी वापर सुरू होतो तो येथून. अंधारात माणसे एकमेकांच्या जवळ येतात. ती एकवटली की टायग्रिल किंवा ॲटलससारख्या, अनेकांना एकदम खेचून घेणाऱ्या, जोडीदाराला आयते सावज मिळते. म्हणून रात्र पाडण्याची वेळ मारेकऱ्याच्या सोयीने ठरवायची नसते. ती खेचणाऱ्या गड्याच्या अंतरावरून ठरते. तो टप्प्यात आला का, त्याची मुख्य शक्ती सज्ज आहे का, हे आधी पाहायचे. तसे नसेल तर अंधार वाया गेला असे खुशाल समजावे, भले त्यात एखादा बळी मिळालेला असो.

याच शक्तीचा दुसरा उपयोग हुलकावणीचा आहे आणि तो फारच थोडे जण करतात. संघ लॉर्डला मारीत आहे, शत्रू अडवायला येतो आहे. अशा वेळी हेलकर्ट दूर कोठेतरी उभा राहून रात्र पाडू शकतो. तो नेमका कोठून येणार हे न कळल्याने शत्रू दोन पावले थबकतो. तेवढ्या अवधीत लॉर्ड पडतो. गुणफलकावर या कामगिरीची नोंद एका सोबतीपलीकडे होत नाही, किंबहुना अनेकदा तीही होत नाही.

किंबहुना मारेकऱ्याचे निम्मे काम तो दिसत नसतानाच होत असते. नकाशावर शत्रू तेव्हाच दिसतो, जेव्हा आपल्यापैकी कोणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात तो येतो. मारेकरी नाहीसा झाला की प्रतिपक्षाचा नेमबाज वाटेवर पुढे येण्यास कचरतो, सैनिकांच्या लाटा हातच्या सोडतो आणि त्याचे सुवर्ण मागे पडते. दर अर्ध्या मिनिटाला कोठे ना कोठे दर्शन देणारा मारेकरी हा दबाव स्वतःच घालवून बसतो. एका वाटेवर मुद्दाम दिसायचे आणि मग विरुद्ध बाजूच्या झुडपात जाऊन थांबायचे, हे कंटाळवाणे वाटले तरी फायद्याचे असते.

प्रत्यक्ष चकमकीत शिरण्याबाबत एक नियम बहुतेक अनुभवी खेळाडू पाळतात : पहिला पाय मारेकऱ्याने टाकायचा नाही. प्रतिपक्षाकडे जखडून टाकणाऱ्या, उडवून लावणाऱ्या शक्ती असतात. त्या आपल्या भक्कम गड्यांवर खर्च होऊ द्यायच्या. त्या पुन्हा सज्ज होण्यास वेळ लागतो आणि ती फट म्हणजेच मारेकऱ्याची वेळ. यासाठी समोर कोणाकडे कोणती शक्ती आहे आणि ती नुकतीच वापरली गेली की नाही, याची मोजणी मनातल्या मनात चालू ठेवावी लागते. बोटांच्या चपळाईचे कौतुक सर्वत्र होते. पण या मोजणीत जो चुकतो, त्याची चपळाई फार तर त्याला लवकर मरणापर्यंत नेते.

शिरण्याइतकेच महत्त्व परतण्याला. कबड्डीत चढाई करणारा गडी स्पर्श करून मध्यरेषेपर्यंत पोहोचला नाही, तर त्याचा स्पर्श सार्थकी लागत नाही. येथे हिशेब काहीसा सैल आहे, बळी जमा होतो. परंतु नंतर मारेकरी पडला तर त्याला मैदानाबाहेर काढावा लागणारा वेळ सामना जसा पुढे सरकतो तसा वाढत जातो. तिसऱ्या मिनिटाचे मरण क्षुल्लक असते. चौदाव्या मिनिटाचे मरण सामना घेऊन जाते. शिवाय सलग बळी घेणाऱ्याला जो टिपतो, त्याला अधिक सुवर्ण मिळते. म्हणजे ११ बळींची कमाई घेऊन फिरणारा मारेकरी हा शत्रूच्या दृष्टीने चालता-बोलता खजिना असतो.

आता लक्ष्य कोणाला करायचे? सर्वसाधारण उत्तर आहे, प्रतिपक्षाचा नेमबाज किंवा जादूगार. कारण आघाताची शक्ती त्यांच्याकडे आणि अंग मात्र दुबळे. परंतु लॉर्डच्या आसपास हे उत्तर बदलते. जंगल सांभाळणाऱ्या खेळाडूकडे 'रिट्रिब्यूशन' नावाचे खास अस्त्र असते. लॉर्डचा शेवटचा घाव त्याच्या साह्याने हमखास घालता येतो, आणि दुसऱ्या संघाने अर्धमेला केलेला लॉर्ड त्याच एका घावात हिसकावूनही घेता येतो. तेव्हा लॉर्डपूर्वी प्रतिपक्षाचा जंगल सांभाळणारा गडी पडला, तर इतर चौघे जिवंत असूनही त्यांचा दावा कमकुवत होतो. नेमबाजाचा मोह टाळून त्याला गाठणे, किंवा निदान लॉर्डपासून दूर पळवून लावणे, हे त्या क्षणी अधिक मोलाचे.

आणि येथेच आरंभीच्या सवालाचे उत्तर आहे. हेलकर्टसारखा मारेकरी बहुधा स्वतःच आपल्या संघाचे जंगल सांभाळत असतो. म्हणजे 'रिट्रिब्यूशन' त्याच्याचकडे. ११ बळी घेतलेला गडी लॉर्ड येण्याच्या वेळी बाराव्याच्या मागे शत्रूच्या जंगलात शिरला आणि तेथे पडला, तर त्याचा संघ लॉर्डपाशी चार जणांनिशी, आणि शेवटच्या घावाविना, उभा राहतो. चौघांचा राग बळी कमी पडल्याचा नसतोच. तो त्या नेमक्या मिनिटाला गैरहजर राहिल्याचा असतो.

मारेकरी घेऊच नये, तेव्हा

काही सामने असे असतात की, मारेकरी निवडणे हीच चूक ठरते. समोर खुफ्रा असेल तर त्याच्या चेंडूसारख्या उड्या झेप घेणाऱ्यांना मध्येच अडवतात. फोव्हियस तर शत्रूच्या झेपांवरच पोसला जातो. फॅनीची गत आणखी नाजूक. जंगलातील ज्या जांभळ्या वरदानावर तिची ऊर्जा टिकते, ते शत्रूने पळविले की ती जमिनीवर येते. म्हणूनच स्पर्धांत, जेथे दोन्ही संघ आधी काही नायकांवर बंदी घालून मग आळीपाळीने निवड करतात, तेथे नाजूक मारेकरी शक्यतो अखेरीस उघड केला जातो. प्रतिपक्षाला उतारा शोधण्यास वाव उरत नाही.

काळानुसार खेळाचा कलही बदलतो. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला झालेल्या तिसऱ्या जागतिक स्पर्धेच्या सुमारास जंगल सांभाळण्याचे काम भक्कम, दणकट नायकांकडे देण्याची चाल रूढ झाली होती. ती स्पर्धा जिंकणाऱ्या फिलिपिन्सच्या 'ब्लॅकलिस्ट इंटरनॅशनल' संघाचा भर एकमेकांना सांभाळत, जखमा भरून काढत सामना लांबविण्यावर असे. त्या पद्धतीला त्यांनी दिलेल्या नावाची आद्याक्षरे जुळवली की 'उबे' हा शब्द होतो, आणि उबे म्हणजे तेथील जांभळा कंद. जखम झाली की लगेच भरून निघते, तेथे एका घावात न संपणारे सावज मारेकऱ्याला हाती लागतच नाही.

याउलट जानेवारी २०२१ मधील दुसऱ्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्सच्या 'ब्रेन ईस्पोर्ट्स'ने म्यानमारच्या 'बर्मीज घोल्स'ला ४-३ असे हरविले, तेव्हा अंतिम फेरीचा मानकरी ठरला तो जंगल सांभाळणारा 'कार्लत्झी'. चपळ मारेकऱ्यांसाठी ओळखला जाणारा हा खेळाडू जानेवारी २०२३ मध्ये 'एको' संघाकडून पुन्हा जगज्जेता झाला. अंतिम फेरीत त्या संघाने 'ब्लॅकलिस्ट'चा ४-० असा धुव्वा उडविला. दोन निरनिराळे संघ, मधे खेळाचा कल पालटलेला, आणि माणूस तोच. त्याच्या यशाचे सारे श्रेय बोटांच्या वेगाला देणे सोपे आहे, पण मग तितक्याच वेगवान इतरांचे काय झाले, याचे उत्तर द्यावे लागेल.

तुकडीतील उरलेल्या चौघांवरही काही जबाबदारी येते, ही गोष्ट मारेकऱ्याला दोष देताना सोयीस्करपणे विसरली जाते. तो आत शिरल्यावर मागोमाग कोणी आलेच नाही, तर त्याने पाडलेला अंधार फुकट जातो. शिरण्यापूर्वी एक इशारा, कोणाला धरायचे त्याचे नाव आणि मुख्य शक्ती सज्ज असल्याची खूण, एवढे खेळातील बटणांनीही कळविता येते. अनोळखी जोडीदारांबरोबर खेळताना तर बोलण्याची सोय बहुधा नसतेच. तेव्हा हीच खूण कामी येते.

स्वतःची चूक शोधण्यासाठी मागील सामन्याचे चित्रण उपलब्ध असते. ते पाहताना बळी मोजण्याऐवजी प्रत्येक वेळी रात्र पाडली तेव्हा चित्र थांबवावे आणि तीन गोष्टी टिपाव्यात : त्या क्षणी आपले किती गडी टप्प्यात होते, लॉर्ड किंवा टर्टल यायला किती वेळ उरला होता, आणि अंधार सरल्यावर आपण जिवंत होतो की नाही. चार-पाच सामन्यांची अशी टिपणे समोर ठेवली, की कोणत्या रात्री चौघांच्या कामी आल्या आणि कोणत्या केवळ एका बळीसाठी गेल्या, हे वेगळे काढता येते.