शस्त्रक्रियागृह परिचारिका

शस्त्रक्रियागृह परिचारिका म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधी, ती चालू असताना आणि ती संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत रुग्णाची काळजी घेणारी व शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था सांभाळणारी नोंदणीकृत परिचारिका होय. बोलीभाषेत तिला 'ओटी सिस्टर' किंवा 'थिएटर सिस्टर' म्हणतात. या कामात पुरुषही असतात. त्यांना 'ब्रदर' असे संबोधले जाते. भारतात या शाखेची वेगळी नोंदणी नाही. सर्वसाधारण परिचर्येची पदविका किंवा पदवी घेतलेली व्यक्ती अनुभवाने शस्त्रक्रियागृह परिचारिका बनते. त्यामुळे या व्यवसायातील प्रगती अनुभवावर आणि त्या अनुभवाच्या लेखी पुराव्यावर अवलंबून राहते. मुंबईच्या गोरेगाव, अंधेरी, बोरिवली या पश्चिम उपनगरांत लहान शुश्रूषागृहांपासून मोठ्या खासगी रुग्णालयांपर्यंत सर्व प्रकारची शस्त्रक्रियागृहे असल्याने या व्यवसायाच्या जवळजवळ सर्व पायऱ्या तेथे पाहावयास मिळतात.

कामाचे स्वरूप

शस्त्रक्रियेच्या वेळी परिचारिकांच्या दोन भूमिका असतात. पहिली, 'स्क्रब' परिचारिका, शल्यचिकित्सकाप्रमाणेच हात धुऊन निर्जंतुक गाऊन व हातमोजे घालते, ट्रॉलीवर उपकरणे मांडते आणि मागणीनुसार, किंबहुना मागणीच्या आधीच, ती हातात देते. दुसरी, 'सर्क्युलेटिंग' परिचारिका, निर्जंतुक क्षेत्राच्या बाहेर राहते. रुग्णाची ओळख व संमतीपत्र तपासणे, लागणारे साहित्य उघडून देणे, काढलेल्या ऊतीच्या नमुन्यावर नावाची चिठ्ठी लावणे आणि सर्व नोंदी करणे ही तिची कामे असतात. लहान रुग्णालयांत एकच व्यक्ती दोन्ही भूमिका निभावताना दिसते. हे सोयीचे वाटले तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य आहे, कारण मोजणीची पडताळणी करणारी दुसरी व्यक्तीच तेथे उरत नाही.

मोजणी हा या कामाचा गाभा आहे. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी मॉप, गॉज, सुया, पाती आणि उपकरणे दोघींनी मिळून मोठ्याने मोजायची असतात व आकडा फळ्यावर लिहायचा असतो. पोटासारखी पोकळी बंद करण्यापूर्वी, त्वचा शिवण्यापूर्वी आणि पाळी बदलून दुसरी परिचारिका आली असता ही मोजणी पुन्हा होते. आकडा जुळला नाही तर शोध घेतला जातो. जमीन, कचऱ्याच्या पिशव्या व चादरी तपासूनही वस्तू सापडली नाही, तर टेबलावरच क्ष-किरण चित्र काढले जाते. शस्त्रक्रियेचे मॉप क्ष-किरणांत दिसणारा धागा विणूनच तयार केलेले असतात. पोटात राहिलेला मॉप महिन्यांनी किंवा वर्षांनी गाठ अथवा पू होऊन उघडकीस येऊ शकतो आणि रुग्णाला दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. म्हणूनच घाईत असलेल्या ज्येष्ठ शल्यचिकित्सकाला 'काउंट जुळत नाही, थांबा' असे सांगण्याचे धैर्य हे नव्या परिचारिकेच्या तयारीचे खरे माप मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रिया सुरक्षितता तपासणी यादी प्रसिद्ध केली. तिच्यात १९ मुद्दे असून ते भूल देण्यापूर्वी, त्वचेवर छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांत तपासले जातात. साहित्य निर्जंतुक असल्याची खात्री, मोजणी पूर्ण झाल्याची घोषणा आणि नमुन्यावरील नाव वाचून दाखवणे हे मुद्दे परिचारिकेकडे सोपवलेले आहेत. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या यादीच्या वापरानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे आढळले.

निर्जंतुकीकरण हे कामाचे दुसरे अंग आहे. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी केंद्रीय विभाग असतो. लहान शुश्रूषागृहांत मात्र ऑटोक्लेव्हमध्ये ड्रम लावणे, दर्शक पट्टीचा रंग बदलला की नाही ते पाहणे आणि उष्णता न सोसणारी दुर्बिणीची उपकरणे वेगळ्या पद्धतीने निर्जंतुक करणे ही सर्व जबाबदारी परिचारिकेवरच पडते. मदतीला मामा व मावशी, म्हणजे कक्षसेवक व आया, असतात.

सुई टोचून होणारा संसर्ग, तासन्‌तास उभे राहिल्याने होणारा शिरांचा व कंबरेचा त्रास, विद्युत-दाहक उपकरणाचा धूर आणि अस्थिशल्यक्रियेत सी-आर्म यंत्राचे किरण हे या कामातील धोके होत. हिपॅटायटिस बी ची लस आणि शिशाचा ॲप्रन ही त्यांवरील प्राथमिक साधने आहेत.

इतिहास

शस्त्रक्रियेतील रबरी हातमोज्यांचा उगम एका परिचारिकेशी जोडलेला आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या विल्यम हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातील प्रमुख परिचारिका होत्या. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पारायुक्त द्रावणाने त्यांच्या हातांची त्वचा खराब झाली, तेव्हा हॉल्स्टेड यांनी १८८९–९० च्या सुमारास गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांचा सार्वत्रिक वापर नंतर सुरू झाला.

मुंबईत जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ साली आणि केवळ स्त्रिया व मुलांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले. प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून मुंबईच्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ या वर्षासह दिले जाते. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९०८ साली स्थापन झाली. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, तर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली संमत झाला. महाराष्ट्रातील नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. १९४७ च्या कायद्याच्या जागी नवी रचना आणण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत केला.

शिक्षण व नोंदणी

बारावीनंतर तीन वर्षांची सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिविद्या पदविका, म्हणजे जीएनएम, किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी हे प्रवेशाचे मुख्य मार्ग आहेत. पदविकाधारकांसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक पदवी अभ्यासक्रम आहे. राज्यातील पदवी महाविद्यालये सामान्यतः १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम प्रामुख्याने सार्वजनिक आरोग्यासाठी आखलेला असून परदेशात तो नोंदणीकृत परिचारिकेच्या शिक्षणाशी समकक्ष धरला जात नाही. प्रवेशाच्या वेळी ही बाब अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

नोंदणीनंतर शस्त्रक्रियागृह परिचर्येतील एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका घेता येते. ती भारतीय परिचर्या परिषदेने आखलेली असून तिच्यासाठी नोंदणी व कामाचा पूर्वानुभव लागतो. प्रत्यक्षात बहुसंख्य परिचारिका ही पदविका न घेता ज्येष्ठ सिस्टरच्या हाताखालीच शिकतात.

परिचारिका आणि शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ हे वेगळे व्यवसाय आहेत. तंत्रज्ञाचे शिक्षण परावैद्यकीय शाखेत होते आणि त्याला परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही. टेबलाजवळ दोघे एकच काम करताना दिसत असले, तरी पुढे अन्य विभागात बदली, परिचर्येतील पदोन्नती किंवा परदेशात परिचारिका म्हणून परवाना हे मार्ग परिचारिकेलाच खुले असतात. विद्यार्थ्याने हा भेद अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी लक्षात घेणे इष्ट ठरते.

गोरेगाव व पश्चिम उपनगरे

गोरेगावच्या परिसरातील सार्वजनिक रुग्णालयांत जोगेश्वरीचे हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय आणि जुहूचे कूपर रुग्णालय ही महापालिकेची रुग्णालये महत्त्वाची आहेत. कूपर रुग्णालयाला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. जोगेश्वरीचे रुग्णालय पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. अंधेरीच्या चार बंगला भागात २००९ साली सुरू झालेले कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय हे खासगी क्षेत्रातील मोठे उदाहरण होय. याखेरीज एस. व्ही. रोड, आरे रोड आणि त्यांच्या आसपासच्या निवासी इमारतींच्या खालच्या मजल्यांवर लहान शुश्रूषागृहे आहेत.

शिकण्याच्या दृष्टीने या तीन प्रकारांत मोठा फरक पडतो. सार्वजनिक रुग्णालयात अपघात, आतड्याला पडलेले छिद्र, तातडीची सिझेरियन शस्त्रक्रिया असे सर्व प्रकारचे रुग्ण येतात. हात लवकर तयार होतो, पण ठरावीक काळाने विभागबदली होते आणि शस्त्रक्रियागृहातून परिचारिका पुन्हा कक्षात जाते. मोठ्या खासगी रुग्णालयात हृदय, मेंदू, सांधेरोपण अशा एकाच शाखेत वर्षानुवर्षे काम करता येते व नोंदी नीट ठेवल्या जातात. लहान शुश्रूषागृहात जबाबदारी मोठी मिळते, परंतु तिचा लेखी माग अनेकदा राहत नाही.

प्रवासाची बाबही करिअरवर परिणाम करते. २०१८ साली हार्बर मार्ग गोरेगावपर्यंत वाढल्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे, म्हणजे कामा व सेंट जॉर्ज रुग्णालयांकडे, थेट लोकल मिळू लागली. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते. त्या वेळेत येणाऱ्या 'कॉल'साठी परिचारिकेला रुग्णालयातच मुक्काम करावा लागतो किंवा रुग्णालयाने वाहन पाठवावे लागते. 'ऑन कॉल' नोकरी स्वीकारताना वाहनाची सोय लेखी मागून घेणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

पदे, वेतन व सेवाशर्ती

शासकीय सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका आणि अधिसेविका अशी चढती पदरचना आहे. शस्त्रक्रियागृहाची प्रमुख सामान्यतः परिसेविका असते. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने २०२३ साली अधिपरिचारिका पदाची जाहिरात दिली, तेव्हा वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये अधिक भत्ते अशी होती.

खासगी क्षेत्रातील वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने पुढीलप्रमाणे शिफारस केली. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे. १०० हून अधिक खाटा असल्यास ते १० टक्क्यांपेक्षा, तर ५० ते १०० खाटा असल्यास २५ टक्क्यांपेक्षा कमी नसावे. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये मासिक वेतन मिळावे. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोपवण्यात आली व ती असमान राहिली आहे.

दुसरा प्रश्न बंधपत्राचा आहे. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असे लिहून घेणे आणि हमी म्हणून मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे या प्रथेविरुद्ध २०११ च्या सुमारास मुंबईसह अनेक शहरांतील खासगी रुग्णालयांच्या परिचारिकांनी आंदोलने केली. मूळ प्रमाणपत्रे हाती नसल्यास दुसऱ्या नोकरीचा किंवा परदेशी परवान्याचा अर्जही करता येत नाही.

फिरते काम

अमेरिकेत 'ट्रॅव्हल नर्स' ही स्थिरावलेली व्यवस्था आहे. मनुष्यबळ संस्थेमार्फत परिचारिका साधारण १३ आठवड्यांच्या करारावर दुसऱ्या शहरातील रुग्णालयात जाते, आणि करार संपला की वाढवून घेते किंवा पुढे निघते. चाळिसाहून अधिक राज्ये सहभागी असलेल्या परवाना करारामुळे एका राज्याचा बहुराज्यीय परवाना इतर सदस्य राज्यांत चालतो. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क ही राज्ये त्यात नाहीत. नव्या जागी एक-दोन दिवसांच्या ओळखीनंतर थेट काम करावे लागत असल्याने त्या शाखेतील अलीकडचा एक ते दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. भारतातून नव्याने गेलेली परिचारिका सहसा आधी एका रुग्णालयातील कराराची वर्षे पूर्ण करते आणि मगच या मार्गाकडे वळू शकते.

मुंबईत अशी करारव्यवस्था रुजलेली नाही. तिच्याशी मिळतेजुळते असे एक अनौपचारिक रूप मात्र उपनगरांत आढळते. एकच शल्यचिकित्सक सकाळी गोरेगावात, दुपारी मालाडमध्ये, रात्री बोरिवलीत शस्त्रक्रिया करतो आणि आपल्या उपकरणांच्या संचाबरोबर आपला सहायकही घेऊन फिरतो. अस्थिशल्य, नेत्रशल्य व दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत ही पद्धत विशेष दिसते. मोबदला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मिळतो. अनुभव भरपूर जमतो, पण भविष्य निर्वाह निधी, रजा, सुई टोचल्यास उपचाराची हमी आणि अनुभवपत्र यांपैकी बरेच काही मिळत नाही. मोजणीच्या कागदावर अशा फिरत्या सहायकाची सही असावी की रुग्णालयाच्या परिचारिकेची, हा वादाचाही मुद्दा ठरतो.

फिरत्या शस्त्रक्रियागृहाचे एक नामांकित उदाहरण मुंबईशीच निगडित आहे. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वे यांच्या सहकार्याने सुरू झालेली जीवनरेखा एक्सप्रेस ही रुग्णालय-गाडी १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून निघाली. ग्रामीण भागातील स्थानकावर काही आठवडे थांबून तिच्यात मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, कानाचे विकार व पोलिओमुळे आलेली व्यंगे यांवरील शस्त्रक्रिया मोफत केल्या जातात. शल्यचिकित्सक स्वयंसेवक म्हणून येतात-जातात. अशा गाडीत एका डब्याच्या रुंदीत निर्जंतुक क्षेत्र राखावे लागते, हे परिचारिकेसाठी वेगळेच आव्हान असते.

परदेशातील नोकरी

आखाती देशांत परवान्यापूर्वी पदविका, नोंदणी व अनुभवपत्र यांची मूळ संस्थेकडून पडताळणी होते. हे काम बहुतांशी डेटाफ्लो ही कंपनी करते. अनुभवपत्र देणारे शुश्रूषागृह बंद पडले असेल किंवा पत्राला उत्तर देत नसेल, तर ती वर्षे हिशेबात धरली जाणे कठीण होते. लहान ठिकाणी काम करणाऱ्या परिचारिकेचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते. नियुक्तीपत्र, वेतनपावत्या, विभागाचे नाव व तारखा असलेले अनुभवपत्र आणि आपण सहभाग घेतलेल्या शस्त्रक्रियांची स्वतःची वही नोकरी सोडण्यापूर्वीच जमवणे हा त्यावरील उपाय आहे. वहीत शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख व आपली भूमिका लिहावी. रुग्णाचे नाव लिहू नये. फसव्या दलालांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने २०१५ साली आखाती देशांसह १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकांना प्रवासी संरक्षकाची मंजुरी बंधनकारक केली.

ब्रिटनमध्ये संगणकावरील परीक्षा, प्रात्यक्षिक परीक्षा आणि इंग्रजीची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. तेथे स्क्रबचे काम परिचारिका करतात, त्यामुळे भारतातील हातोटी सरळ उपयोगी पडते. अमेरिकेत एनसीएलईएक्स परीक्षा भारतातील केंद्रांवरही देता येते, पण तेथे स्क्रबचे काम बहुधा तंत्रज्ञ करतो आणि परिचारिका सर्क्युलेटिंगची जबाबदारी घेते. भारतात केवळ उपकरणे देण्यात तरबेज झालेल्या परिचारिकेला तेथे नोंदी, तपासणी यादी व समन्वय हे काम नव्याने शिकावे लागते. तेथील सीएनओआर हे विशेष प्रमाणपत्र मिळवण्यासाठी दोन वर्षांचा व २,४०० तासांचा अनुभव लागतो. त्यांपैकी १,२०० तास प्रत्यक्ष शस्त्रक्रियेदरम्यानचे असावे लागतात. भारतात जन्मलेल्यांसाठी स्थलांतर व्हिसाची रांग मात्र अनेक वर्षांची आहे.

जर्मनीत पूर्ण मान्यतेसाठी सामान्यतः बी-२ पातळीची जर्मन भाषा लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला असून त्यात परिचारिकांचाही समावेश आहे.