पोळ्याची कर आणि आयर्लंडची भुतं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही वस्तीत दाराची कडी वाजली, तर सुटे पैसे हाताशी ठेवूनच उघडावं. बाहेर चाकं लावलेला लाकडी नंदी दोरीनं ओढत आलेली पोरं असतात. नंदीच्या गळ्यात घुंगरू, पाठीवर आईच्या ब्लाउजपिसाची झूल. पोरगा स्वतः शेतकरी, शिवाजी महाराज नाहीतर पोलीस झालेला. घरातल्या बाईनं नंदीला ओवाळायचं आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायचा. दोन रुपये ठेवले की तोंड वाकडं होतं. हा तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 साली तो नागपुरात सुरू केला, असं सांगतात.

ऑक्टोबर संपताना पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत चेटकिणीचा वेश करून चॉकलेटं मागणारी पोरं दिसली की ‘हे काय अमेरिकेचं खूळ’ म्हणून नाकं मुरडली जातात. खूळ असेल, पण अमेरिकेचं नव्हे. हॅलोवीनचं मूळ आयर्लंडच्या शेतकऱ्यांत आहे आणि पोळ्यासारखंच त्याचं एक टोक गोठ्याला बांधलेलं आहे.

जुन्या आयर्लंडात हिवाळा 1 नोव्हेंबरला लागे. दिवस मोजायचा तो सांजेपासून, म्हणून सण 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू व्हायचा. त्याचं नाव साउइन. उन्हाळाभर डोंगरातल्या कुरणांवर चरलेली गुरं तोवर खाली गावात आलेली असत. हिवाळाभर पोसणं झेपणार नाही, ती कापली जात. त्या रात्री मेलेली माणसं आणि परीलोकातले जीव मोकळे फिरतात, अशी समजूत. म्हणून टेकड्यांवर शेकोट्या पेटत, सलगम कोरून त्याचे भेसूर तोंडांचे दिवे होत आणि मुखवटे चढवलेली तरुण पोरं घरोघर जाऊन सफरचंदं, सुकामेवा, पैसे गोळा करत. घरी मनुका घातलेला गोडसर पाव भाजत आणि त्यात अंगठी लपवत. जिच्या तुकड्यात ती निघेल तिचं लग्न वर्षात ठरणार. चर्चनं 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला, आदल्या संध्याकाळचं नाव बदललं. भुतं मात्र हटली नाहीत. पुढे 1845 ते 1852 च्या दुष्काळात दहा लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले. अमेरिकेत त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला.

आपला पोळा श्रावणी अमावस्येचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत तोवर धानाची रोवणी उरकत आलेली असते आणि चिखलात राबलेल्या बैलांना उसंत मिळते. आदल्या दिवशी तूप-हळदीनं त्यांचे खांदे शेकायचे आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पोळ्याच्या दिवशी बाशिंगं, मठाट्या, नवी वेसण, नवा कासरा लेवून जोड्या आखरावर तोरणाखाली उभ्या राहतात. मग झडत्यांचा, म्हणजे ओरडून म्हणायच्या खोचक कवनांचा, मारा सुरू होतो. पाटलाची कंजूषी, धानाचा भाव, पुढाऱ्यांची आश्वासनं, कुणालाच सोडत नाहीत. वर्षभर सरपंचासमोर मान खाली घालणारा माणूस त्या दिवशी बेंबीच्या देठापासून ओरडून घेतो. मला सगळ्या सणात हाच भाग आवडतो. तोरण तुटलं, पोळा फुटला, की बैल घरोघर ओवाळून घ्यायला निघतात.

दिवस असा बैलांचा, पण रात्र अमावस्येची. संध्याकाळी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. त्यांना मेढे म्हणतात. या रात्री करणी करणारे मंत्र जागवतात, ही समजूत अजून आहे. पहाटे पोरंठोरं आरडाओरडा करत ते मेढे शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि खोकला, ताप, ढेकूण, मच्छर सगळं घेऊन जा, असं रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या मारबतीला बजावतात. मच्छराचं नाव उगाच आलेलं नाही. गडचिरोलीत हिवताप फार, आणि पावसाळ्याचे हेच महिने त्याच्या जोराचे. औषध नव्हतं तेव्हा माणसं रोगाला निदान गावाबाहेर हाकलून तरी देत होती. नागपूरनं त्याची मोठी मिरवणूक केली: काळी मारबत 1881 पासून, पिवळी 1885 पासून. सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे पुतळे.

दुसरा दिवस करीचा. मटण शिजतं, पत्त्यांचे डाव बसतात. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 ला आली आणि 2021 ला उठली. मोहफुलानं या तारखा कितपत मनावर घेतल्या, हे करीच्या संध्याकाळी कळतं.

भीतीचा खेळ झाला की ती संपते, असं मात्र समजू नये. आयर्लंडातच, टिपररी परगण्यात, 1895 साली एका नवऱ्यानं बायकोला जाळलं. ही आपली बायको नाहीच, परीलोकातून बदलून आलेली कुणीतरी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा. त्यानंतर ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला म्हाताऱ्या बायामाणसांना भरचौकात बांधून मारलं गेलं. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई आणि एक पुरुष, दोघांना जिवंत जाळलं. संशय जादूटोण्याचा आणि आरोपी गावातलेच. मारबत शिवेबाहेर टाकून पोरं परत येतात, अंघोळ करतात, नंदी सजवायला बसतात. रोगाचं खापर एखाद्या जिवंत शेजारणीवर फुटतं, तेव्हा तिला परत यायला वाट राहत नाही.