विस्तारकार्य आणि पिठाची विरी

परक्या समाजाची भाषा अवगत असली म्हणजे कृषिविस्तार-अधिकाऱ्याची आंतरसांस्कृतिक पात्रता सिद्ध झाली, असा समज रूढ आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या एका स्पॅनिशभाषी खेड्याचा अनुभव याविरुद्ध साक्ष देतो. १९४६ साली तेथील अधिकाऱ्याने संकरित मक्याचे बी आणले. त्यास स्पॅनिश उत्तम येत असे. प्रात्यक्षिकही त्याने यथायोग्य घडविले. एकरी उत्पन्न पुष्कळ वाढले. पहिल्या वर्षी ४० शेतकऱ्यांनी, १९४७ मध्ये ६० जणांनी हे बी पेरले. १९४८ मध्ये ३० उरले, आणि १९४९ मध्ये अवघे ३!

मका तेथे मुख्यतः घरी खाण्यासाठी पिके. आपल्याकडील सुगरणी जिला विरी म्हणतात, ती या नव्या पिठास नव्हती. टॉर्टिया नीट थापल्या जाईनात. रंग वेगळा, चवही मानवेना. अधिकाऱ्याने मातीची परीक्षा केली होती, पिठाची नव्हे. शेतकऱ्यांशी त्याने विचारविनिमय केला. त्यांच्या स्त्रियांना मात्र कोणी विचारले नाही, आणि निर्णय तर त्यांच्याच हाती होता. तरुणांच्या मंडळांतून बी वाटणाऱ्या कार्यकर्त्यांसही हाच प्रसंग केव्हाही येऊ शकतो. त्यांच्या प्रशिक्षणात भाषेच्या तासांबरोबर यजमान कुटुंबात राहून दळण, रांधण व जेवण पाहण्याचे काही दिवस राखून ठेवणे प्रस्तुत लेखकास अगत्याचे वाटते.