बेटकुळी वर सरकते तेव्हा

लातूरच्या आडत बाजारात तुरीचं पोतं हातातून निसटावं आणि हमालाने ते वाकल्या हाताने सावरावं. तेवढ्यात कोपरात ‘कट्ट’ होऊ शकतं. बेटकुळीचा स्नायू अंगठ्याकडच्या रेडियस हाडाला बांधणारी कंडरा उपटून निघते, बेटकुळी खांद्याकडे सरकते. चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांत, त्यातही बिडी ओढणाऱ्यांत, हे जास्त दिसतं.

खालचा ब्रेकियालिस स्नायू शाबूत असल्याने कोपर तरीही वाकतं. मग लचक भरली म्हणत मालिश सुरू होते. खरं नुकसान उजव्या हाताने स्क्रू आवळताना कळतं: तळहात वर वळवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली असते.

तळहात पालथा असताना ही कंडरा रहाटाच्या दोरासारखी हाडाला वेढलेली असते. स्नायू आखडला की वेढा सुटतो, हाड फिरतं. म्हणून शस्त्रक्रियेत ती मूळच्या जागी, रेडियसवरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेलाच बसवायला हवी. पुढे बसली तर हात वाकेल, पण वळण्याचा जोर घटेल.

प्रयोगशाळेतल्या २००७ च्या एका तुलनेत धातूच्या बटणाने केलेली कंडरेची जोडणी सरासरी ४४० न्यूटन, म्हणजे साधारण ४५ किलोच्या ओढीपर्यंत टिकली. पण म्हणून लगेच पोतं उचलू नये! कंडरा कोपराच्या अगदी जवळ जोडलेली असते आणि वजन पार तळहातावर; त्यामुळे स्नायूंना त्या वजनाच्या कैक पट ओढावं लागतं. जड कामाला काही महिने सुट्टीच.

दोन-तीन आठवडे उलटले की कंडरा आखडते आणि जोडणी अवघड होते. तेव्हा मालिश सोडा. नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा अस्थिरोग विभाग गाठा.